२,४०० तिकिटांचा दिवा : पाच भेटींची नोंद

भाचीला तो दिवा गेम झोनच्या पहिल्याच भेटीत दिसला. बक्षिसांच्या काउंटरमागे, सगळ्यात वरच्या फळीवर. गोल, काळपट, चालू केला की छतावर तारे उमटवणारा. खाली चिठ्ठी होती : २,४०० तिकिटं. ती अकरा वर्षांची आहे. त्या दिवशी तिच्या कार्डावर ४० खेळ भरले होते. ते संपले तेव्हा कार्डावर २६२ तिकिटं जमली होती. परतताना तिनं एकच विचारलं, "मामा, अजून किती वेळा यावं लागेल?"

तिला अंदाजपंचे उत्तर द्यायची माझी इच्छा नव्हती. म्हणून दुसऱ्या भेटीपासून मी खिशात वही ठेवली आणि प्रत्येक खेळानंतर दोन गोष्टी लिहीत गेलो : कोणतं यंत्र आणि किती तिकिटं. पुढचं सगळं त्या वहीतून आलेलं आहे. एक मुलगी, एक बक्षीस, पाच भेटी, दर भेटीत बरोबर ४० खेळ. एवढ्याशा नोंदीवरून यंत्रांबद्दल सरसकट काही ठरवता येणार नाही आणि मी ते ठरवतही नाही. पण या एका मुलीच्या बाबतीत काय झालं, हे मी खात्रीनं सांगू शकतो.

आधी तिकिटाबद्दल थोडं. तिकीट देणाऱ्या यंत्रांमध्ये खेळ आणि बक्षीस यांच्यामध्ये एक चलन उभं असतं : खेळून तिकिटं मिळवायची आणि ती देऊन बक्षीस घ्यायचं. जागेचा मालक आधी ठरवतो की यंत्रांमध्ये जे जमा होईल त्यातला किती हिस्सा बक्षिसांच्या रूपानं परत जाऊ द्यायचा. त्या हिशेबानं यंत्रांची सेटिंग होते, फळीवरच्या चिठ्ठ्या लिहिल्या जातात. हा हिस्सा अर्थातच जमेपेक्षा बराच कमी असतो, नाही तर जागा चालणारच नाही. यात लपवाछपवी आहे असं मी म्हणत नाही. खेळायला आलेला माणूस खेळण्याचा मोबदला देतो, बक्षीस विकत घेत नाही. अडचण इतकीच की मुलांना ते कोणी सांगत नाही.

पूर्वी ही तिकिटं कागदाची असत. घडी घातलेल्या लांब पट्टीतून यंत्र ती बाहेर ढकलायचं आणि आतला प्रकाशाचा सेन्सर प्रत्येक तिकिटाची खाच मोजायचा. एक तिकीट साधारण २ इंच लांब, म्हणजे १०० तिकिटांची पट्टी जवळजवळ ५ मीटर. मुलं ती गळ्यात घालून फिरायची. आता बहुतेक ठिकाणी सगळं कार्डावर जमा होतं. मला कागदी पट्टी बरी वाटते. हातात वजन यायचं, ती संपवताना काहीतरी दिल्यासारखं वाटायचं. कार्डावरचा आकडा नुसता वाढत राहतो. या प्रकरणात त्या आकड्यानं शेवटी काय केलं ते पुढे येईलच.

दुसरी भेट

या भेटीत मी एक शब्दही बोललो नाही. तिला हवं ते खेळू दिलं.

४० पैकी १४ खेळ एकाच यंत्रावर गेले. काचेच्या घुमटाखाली दिव्यांचं कडं, त्यातून एक उजेड गरगर फिरतो, बटण दाबलं की थांबतो. ठरलेल्या एका दिव्यावर थांबला तर जॅकपॉट, ६०० तिकिटं. शेजारच्या दिव्यांवर थांबला तर चार-पाच. १४ खेळांत मिळून ७१ तिकिटं आली. नाणी ढकलणाऱ्या यंत्रावर ९ खेळ, ४९ तिकिटं. मोठं चाक फिरवण्याचे ६ खेळ, ५८. उतारावरून चेंडू घरंगळवत नेऊन गोल कड्यांत टाकण्याचे, म्हणजे स्की-बॉलचे ५ खेळ, ५२. बिळातून डोकं काढणाऱ्या प्राण्यांना हातोडीनं ठोकण्याचे ४, त्यात ३०. इकडचेतिकडचे २ खेळ, ८ तिकिटं. एकूण २६८. आधीची धरून ५३०.

म्हणजे दर भेटीला साधारण २६५. या वेगानं दिव्यापर्यंत पोचायला एकंदर दहा भेटी लागल्या असत्या. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं. तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पण आज सहा वेळा अगदी बाजूचाच दिवा लागला!"

हे खरं होतं, माझ्या वहीतही ते होतं. आणि पुढच्या भेटीचा बेत ती त्या सहा वेळांवरच रचत होती, ७१ तिकिटांवर नव्हे. थोडक्यात हुकणं म्हणजे मेंदूला नुसतं हुकणं नसतं. केंब्रिजमध्ये ल्यूक क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात थोडक्यात हुकलेल्या डावानंतर जिंकण्याशी जोडलेले मेंदूतले भाग जागे होताना दिसले. लोकांना तो अनुभव सुखाचा वाटत नव्हता, तरी पुन्हा खेळण्याची इच्छा वाढत होती. आणि ती वाढत होती ती खेळाडूनं स्वतः निवड केलेली असेल तेव्हा. कड्याच्या यंत्रावर बटण आपलंच बोट दाबतं. आणखी थोडं लवकर दाबायला हवं होतं, हा विचार म्हणूनच इतका पटतो.

तो विचार कितपत खरा, हे मला तपासावंसं वाटलं. समजा कड्यात ४० दिवे आहेत आणि उजेड सेकंदाला एक फेरी मारतो. मग प्रत्येक दिवा एका सेकंदाचा चाळिसावा भाग पेटतो. डोळ्यांनी पाहून बोट हलवायला माणसाला साधारण सेकंदाचा पाव ते पंचमांश भाग लागतो. तेवढ्यात उजेड आठ ते दहा दिवे पुढे गेलेला असतो. म्हणजे पाहून दाबणारा कधीच जिंकणार नाही. ताल पकडून, दिवा येण्याआधी दाबावं लागतं. सराव केला तर हात बराच जवळ पोचतो, आणि म्हणूनच शेजारचा दिवा वारंवार लागतो. पण नेमक्या त्याच दिव्यावर दर वेळी थांबण्याइतका कोणाचाही हात काटेकोर नसतो.

त्यापुढचा प्रश्न आणखी अवघड आहे. हात बरोबर पडला तरी यंत्र जिंकू देईल का? असल्या यंत्रांपैकी काहींमध्ये मोठं बक्षीस किती खेळांमागे एकदा निघावं, हे चालवणाऱ्याला आतून ठरवता येतं. छिद्रात किल्ली घालायच्या 'की मास्टर' या यंत्रावरून २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात सेगा कंपनीवर दावा झाला. ठरावीक संख्येनं लोक हरल्याखेरीज यंत्र जिंकूच देत नाही, असा त्यात आरोप होता. आमच्या समोरचं कडं तसं होतं की नव्हतं, हे बाहेर उभं राहून सांगायला काही मार्ग नाही. खेळणाऱ्याला आपलं कौशल्य आणि यंत्रानं ठरवलेली जिंकण्याची पाळी यांतला फरक दिसत नाही, ही गोष्ट मला सगळ्यांत जास्त खटकते. मुलाला आपण चुकतोय असं वाटत राहतं आणि कदाचित ते चुकतच नसतं.

नाण्यांच्या यंत्राबद्दल थोडक्यात. पुढच्या कडेवर लोंबकळणारी नाणी पाहिली की आता पडणारच असं वाटतं. पण तो ढीग एकमेकांत अडकून उभा असतो आणि पडणाऱ्यांतली काही बाजूच्या फटींतून आत यंत्राकडेच जातात. भाचीनं ते स्वतः पाहिलं आणि पुढच्या भेटीत त्याकडे फिरकली नाही.

तिसरी भेट, आणि माझी चूक

वहीतला सर्वांत चांगला आकडा स्की-बॉलचा होता : दर खेळाला दहाहून जास्त. चाकाचा आकडाही जवळपास तितकाच होता, पण चाकावर शिकण्यासारखं काही नाही. म्हणून तिसऱ्या भेटीआधी मी तिला बसवून हिशेब दाखवला आणि सांगितलं, आज फक्त चेंडू आणि बास्केटबॉल. ती मान हलवून तयार झाली.

स्की-बॉल हा जुना खेळ आहे. जोसेफ फॉरेस्टियर सिम्पसन यांनी अमेरिकेत १९०८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. सुरुवातीच्या पट्ट्या ३० फुटांहून लांब होत्या. इतक्या लांबून चेंडू टाकायला मोठ्या माणसाचं बळ लागे. पुढे पट्ट्या आखूड झाल्या आणि मुलंही खेळू लागली. १९३२ साली अटलांटिक सिटीत त्याची राष्ट्रीय स्पर्धा भरली होती. शंभर वर्षांनंतरही यात लपवण्यासारखं काही नाही, म्हणून तो मला आवडतो. चेंडू पट्टीवरून जातो, शेवटच्या उंचवट्यावरून उडतो आणि जिथे पडायचा तिथे पडतो. सगळं डोळ्यांसमोर.

एका खेळाला नऊ चेंडू. मधल्या कड्यांना १० पासून ५० पर्यंत गुण, वरच्या दोन कोपऱ्यांतल्या लहान भोकांना १००. प्रत्येक मूल आधी कोपऱ्यांकडे धावतं. भाचीही धावली. पहिल्या सहा खेळांत तिनं कोपरेच साधले. कोपरा हुकला की चेंडू बहुधा घसरत खाली १० मध्ये येतो. नऊपैकी एक कोपरा लागला आणि बाकी आठ १० मध्ये गेले तर १८०. तेच नऊ चेंडू मधोमध टाकून प्रत्येकाला सरासरी ३० मिळाले तर २७०. हे मी तिला वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवलं आणि तिनं लगेच मध्यावर नेम धरला.

बाकीचं तिनं स्वतः शोधलं. तिच्या ध्यानात आलं की जोर नव्हे, तर प्रत्येक वेळी तोच जोर महत्त्वाचा. एकाच जागी पाय रोवून, चेंडू पट्टीला टेकवूनच सोडायचा, आपटायचा नाही. जास्त जोर झाला तर चेंडू मागच्या भिंतीवर आदळून कुठेही जातो, कमी झाला तर उंचवट्यावरच दमतो. पट्टीवर फळ्यांचा जोड जिथे दिसतो तिथे ती मनात एक खूण धरायची आणि चेंडू त्या खुणेवरून न्यायची. मी तिला हे शिकवलं नव्हतं.

त्या भेटीत चेंडूच्या २८ खेळांत ३७१ तिकिटं आणि बास्केटबॉलच्या १२ खेळांत ११७ मिळाली. एकूण ४८८, म्हणजे आधीच्या जवळपास दुप्पट. कार्डावर १,०१८. मला फार समाधान वाटलं. तिच्याकडे माझं नीट लक्ष गेलं ते बाहेर पडताना. ती दमलेली होती आणि गप्प होती. विसाव्या खेळानंतर ती हसलेली मला आठवत नव्हती. शेजारच्या यंत्रावर हातोडीनं ठोकणाऱ्या मुलांकडे तिनं दोनदा पाहिलं होतं आणि दोन्ही वेळा मी म्हणालो होतो, "त्यात तिकिटं कमी आहेत."

ही माझी चूक होती आणि ती मी तिच्यासमोर कबूल केली. हिशेब बरोबर होता, पण मी तिची दुपार त्या हिशेबाला जुंपली होती. दिवा तिला हवा होता हे खरं, पण ती तिथे खेळायलाही आली होती.

चौथी भेट

या वेळी करार झाला : अर्धे खेळ चेंडूचे, अर्धे तिच्या मनाचे. चेंडूच्या २० खेळांत ३१८ तिकिटं, म्हणजे दर खेळाला जवळजवळ १६. दुसऱ्या भेटीत हाच आकडा १०.४ होता, तिसऱ्यात १३.२५. हात सुधारत होता आणि ती सुधारणा कागदावर दिसत होती. उरलेल्यांपैकी १० खेळ तिनं पुन्हा कड्यावर घालवले, ४६ तिकिटं. इतर १० मध्ये ६४. एकूण ४२८. कार्डावर १,४४६.

मी काही बोललो नाही. ती हसत होती.

पाचवी भेट

चेंडूचे १८ खेळ, २९० तिकिटं. इतर १३ खेळांत १२१. आणि कड्यावर ९ खेळ. त्यातल्या आठांत मिळून ३९ तिकिटं आली. सातव्या खेळात उजेड नेमक्या दिव्यावर थांबला, यंत्र किंचाळायला लागलं, आजूबाजूची मुलं जमली. ६०० तिकिटं.

आता वही काय म्हणते पाहा. तिन्ही भेटींचे मिळून कड्यावर ३३ खेळ, ७५६ तिकिटं. दर खेळाला जवळपास २३. चेंडूवर सगळे मिळून ७१ खेळ, १,०३१ तिकिटं, दर खेळाला साडेचौदा. म्हणजे मी जे तिला सांगत आलो होतो, ते त्या एका उजेडानं उलटं केलं. भाचीनं वही हातात घेऊन स्वतः भागाकार केला आणि माझ्याकडे पाहिलं. "मग तोच गेम चांगला ना?"

मी तिला नाही म्हणालो नाही. आकडे खोडून टाकणं चुकीचं झालं असतं. आम्ही शेजारच्या बाकावर बसलो आणि ती एक नोंद बाजूला ठेवून पाहिली : उरलेले ३२ खेळ, १५६ तिकिटं, दर खेळाला पाचहूनही कमी. मी तिला विचारलं, पुढच्या खेळाला काय मिळेल असं तुला वाटतं? चेंडूचं तिनं लगेच सांगितलं : बारा ते वीसच्या मध्ये. कड्याचं तिला सांगता येईना. "चार. नाही तर सहाशे." हा फरक तिनं तिच्या शब्दांत पकडला होता. चेंडूची सरासरी तिच्या हातात होती आणि वाढत होती. कड्याची सरासरी कदाचित त्या यंत्रात कोणीतरी आधी ठरवून ठेवली होती. तसं असेल तर तिला सहाशे ३३ खेळांत मिळाले, दुसऱ्या कोणाला तीनशे खेळांत मिळतील, आणि दोघांची मिळून सरासरी मालकाच्या हिशेबात बसेल.

कधी मिळेल याचा नेम नसलेलं बक्षीस माणसाला सर्वांत जास्त वेळ धरून ठेवतं. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग करून हे दाखवलं त्याला आता कित्येक दशकं झाली. ठरावीक टोचींनंतर दाणा मिळणारं कबूतर दाणा खाल्ल्यावर थोडं थांबतं, बेभरवशी दाण्याचं कबूतर थांबत नाही. जॅकपॉटनंतर उरलेले दोन खेळही भाचीनं कड्यावरच घातले. मी ते वहीत लिहिलं, शेजारी काही शेरा मारला नाही.

काउंटरवर

कार्डावर २,४९६ तिकिटं होती. काउंटरवरच्या ताईंनी शिडी लावून दिवा खाली काढला, समोर ठेवला, चालू करून दाखवला. भाचीनं त्याला हात लावला नाही. ती मशीनच्या पडद्यावरच्या आकड्याकडे बघत होती.

"घ्यायचा ना?" मी विचारलं.

"घेतला की शहाण्णव राहतील."

मी थांबलो. मागे रांग होती, तरी थांबलो. पाच भेटी जे गोळा केलं त्याचा आकडा तिला दिव्याहून मोठा वाटायला लागला होता, आणि त्यात तिचा काही दोष नव्हता. क्रिस्टोफर शी आणि सहकाऱ्यांचा २००३ सालचा एक प्रयोग यासाठी मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यांनी लोकांना दोन कामांतून एक निवडायला दिलं, छोटं किंवा थोडं लांब. छोट्या कामाला एक आइस्क्रीम, लांब कामाला दुसरं. बहुतेकांनी छोटं काम निवडलं. मग मध्ये गुण घातले : छोट्याला ६०, लांबाला १००, आणि त्या गुणांवर तीच दोन आइस्क्रीम. आता बहुतेक लोक लांब कामाकडे वळले. वास्तविक बहुतेकांना छोट्या कामाचंच आइस्क्रीम जास्त आवडत होतं. गुण मध्ये आले आणि लोक गुणांच्या मागे गेले.

तिकिटं म्हणजे तेच गुण. म्हणून मी तिला असं विचारलं : समजा कार्ड नाहीच, आणि या फळीवरचं काहीही एक तसंच घेऊन जा असं सांगितलं, तर काय घेशील? तिनं सगळी फळी पाहिली. खालच्या रांगेत ३५० तिकिटांचा धातूचा योयो होता, त्यावर तिची नजर बराच वेळ राहिली. तो तिला दुसऱ्या भेटीतच घेता आला असता. मग तिनं दिव्याकडे पाहिलं.

"दिवाच," ती म्हणाली. "मी तो ठरवला होता."

तिला खरंच दिवा हवा होता, की ठरवलेलं पुरं करायचं होतं? मला वाटतं दुसरं. पण ठरवलेलं पुरं करणं ही अकरा वर्षांच्या मुलीसाठी लहान गोष्ट नाही, म्हणून मी पुढे काही बोललो नाही. ताईंनी कार्ड लावलं. आकडा २,४९६ वरून ९६ झाला तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले होते.

त्यानंतर

पहिला आठवडाभर दिवा रोज रात्री लागत होता. आता कधीमधी लागतो.

महिन्याभरानं आम्ही पुन्हा गेलो. या वेळी नोंद ठेवायचं माझ्या मनात नव्हतं, पण वही तिनं मागून घेतली आणि पेनही. थेट चेंडूच्या पट्टीकडे गेली, पाय रोवले, तिसऱ्या फळीच्या जोडावर नजर ठेवली. दिव्यांच्या कड्याजवळून ती दोनदा गेली. दुसऱ्यांदा थांबली, एका मोठ्या मुलाचा उजेड शेजारच्या दिव्यावर थांबताना पाहिला, आणि त्याला म्हणाली, "बघून दाबू नको, आधी दाब." मग परत आपल्या पट्टीवर आली.

घरी येऊन वही उघडली तेव्हा तिच्या अक्षरात प्रत्येक खेळाचे नऊ आकडे लिहिलेले होते. शेवटच्या खेळासमोर : ४०, ४०, १०, ३०, ५०, ४०, ३०, ४०, ३०. बेरीज ३१०, खाली दोन रेघा. तिकिटांचा रकाना मी आखून ठेवला होता, तो तिनं पहिल्या ओळीपासून कोराच ठेवला होता.